माळ्यावरचं कार्ड आणि ढगांवरची लढाई : वाचक विचारतात

दिवाळीची साफसफाई झाली की या सदराकडे पत्रं आणि व्हॉट्सअपवरचे फोटो सुरू होतात, दर वर्षीचं आहे ते. कुणाला पितळी अडकित्ता सापडतो, कुणाला रेडिओचं लायसन्स, कुणाला नुसतीच झुरळं. या वेळी तिघांनी जुन्या चित्र-पोस्टकार्डांबद्दल विचारलंय म्हणून तीच घेतो. पहिल्या प्रश्नाने बरीच जागा खाल्ली आहे, ते आधीच सांगून ठेवतो, कारण त्या कार्डाने मला चार दिवस दुसरं काही करू दिलं नाही आणि घरात बोलणी बसली ती वेगळीच.

प्रश्न : काका नमस्कार. आम्ही दांडियाबाजारात राहतो, घर जुनं आहे, आता पाडून फ्लॅट होणार म्हणून माळा रिकामा करताना आजेसासऱ्यांच्या ट्रंकेत एक रंगीत पोस्टकार्ड मिळालं. चित्रात कड्याच्या टोकाला तोफ, खाली खोल नदीचं मोठं वळण आणि आकाश अगदी गुलाबी-नारिंगी. खाली बारीक इंग्रजीत मोकासिन बेंड, पॉइंट पार्क, लुकआउट माउंटन, टेनेसी असं छापलंय आणि कोपऱ्यात ७ए-एच आणि पुढे काही आकडे. मागे शिक्का चॅटनूगा, डिसेंबर १९४८. पाठवणारे म्हणजे आजेसासऱ्यांचे धाकटे भाऊ, घरात सगळे त्यांना नाना म्हणायचे, ते अमेरिकेत शिकायला होते. आमच्या ह्यांचं म्हणणं नाना तिकडे लढाईवर गेले होते म्हणून तोफेचं चित्र, मला ते पटत नाही. मजकूर असा आहे, 'ती. दादांस सा. न. वि. वि. सुट्टीत बसने इकडे आलो. ढग पायाखाली आणि आपण वर, पावागडची आठवण झाली. थंडी फार. पैसे पोचले.' त्याखाली एक ओळ मोडीत आहे, ती कुणालाच लागत नाही. तर हे कार्ड कधीचं, चित्र आहे की फोटो, किंमत किती येईल, आणि भाचा म्हणतो तिकीट पाण्यात भिजवून काढून घेतो, देऊ का? (एक वाचक भगिनी, वडोदरा)

उत्तर : ताई, शेवटचं आधी घेतो कारण ते अर्जंट आहे. भाच्याला तिकीट देऊ नका, रडला तरी देऊ नका. ते तिकीट सुटं म्हणून चार आण्याचंही नाही, पण कार्डावर, त्याच्यावर गावाचा आणि महिन्याचा शिक्का, बाजूला पत्ता, असं सगळं एकत्र आहे तोवर तो पुरावा आहे. शिवाय नानांनी फाउंटन पेनने लिहिलंय, फोटोत दिसतंच आहे, ती शाई पाण्याला टिकत नाही. तिकीट निघेल आणि 'पैसे पोचले' वाहून जाईल.

आता ह्यांचं म्हणणं. नाना लढाईवर गेले नव्हते हे तुमचं बरोबर आहे, कारण ती लढाई नाना तिथे पोचायच्या ८५ वर्षं आधीच होऊन गेली होती. पण तोफ खोटी नाही हां, जागा खरंच रणभूमीची आहे.

झालं असं की अमेरिकेत १८६१ ते १८६५ उत्तर आणि दक्षिण असं आपसातलं युद्ध झालं, मुळाशी गुलामगिरी. टेनेसी राज्यातलं चॅटनूगा हे नदीकाठचं रेल्वे जंक्शन, ज्याच्या हातात ते त्याला दक्षिणेचं दार उघडं, असा हिशोब. सप्टेंबर १८६३ मध्ये जवळच चिकामॉगाला उत्तरेच्या फौजेने सपाटून मार खाल्ला आणि ती मागे येऊन चॅटनूगात अडकली, आणि दक्षिणेच्या ब्रॅग नावाच्या सेनापतीने आजूबाजूचे डोंगर धरून बसून तिची रसद तोडली. रसद तुटली की छावणीचं काय होतं हे आपल्याला पानिपतापासून माहीत आहे, वेगळं सांगायला नको. शिपाई अर्ध्या आणि मग पाव शिध्यावर आले, जनावरं तर पटापट मेली. मग उत्तरेचा सेनापती ग्रँट आला, आधी रसदेचा रस्ता मोकळा केला, जादा फौज आणवली, आणि २४ नोव्हेंबर १८६३ ला त्याच्या हाताखालच्या हूकरने लुकआउट माउंटनवर चढाई केली. तुमच्या कार्डावर आहे तोच हा डोंगर.

त्या दिवशी डोंगरावर इतकं धुकं होतं की खाली शहरात थांबलेल्यांना बंदुकांचे आवाज येत होते, मधेच पडदा फाटल्यासारखं धुकं सरकलं की पळणारी माणसं दिसायची आणि परत काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं फिटलं तर टोकावर उत्तरेचा झेंडा. एवढं नाटक झाल्यावर नाव पडणारच, 'बॅटल अबव्ह द क्लाउड्स', म्हणजे ढगांवरची लढाई. तुमच्या कार्डाच्या मागे बारीक अक्षरात दोन ओळी आहेत त्यात हेच नाव आहे बघा.

पण इथे गंमत आहे. मुख्य लढाई अगदी वरच्या टोकावर झालीच नाही. तिथे कड्याच्या खाली डोंगराला एक सपाट पट्टा आहे, त्यावर क्रेवन्स नावाच्या माणसाचं घर होतं, चकमक झाली ती मुख्यतः त्या पट्ट्यावर. आपल्या भाषेत सांगायचं तर बालेकिल्ल्यावर नाही, माचीवर. पावागडला जीप जिथपर्यंत जाते आणि रोपवे जिथून सुटतो त्या जागेलाही आपण माचीच म्हणतो ना, तसाच प्रकार. वर टोकावर दक्षिणेचे जे होते ते रात्रीच्या अंधारात निघून गेले. आणि खुद्द ग्रँटने पुढे या लढाईची थट्टा केली होती, ढगांवर वगैरे काही लढाई झाली नाही, हे सगळं काव्य आहे अशा अर्थाचं तो म्हणाला होता. त्याच्या लेखी खरी लढाई दुसऱ्या दिवशीची, २५ तारखेची, समोरच्या मिशनरी रिजवरची. पण कार्डं कुणाची खपली, तर ढगांची. ग्रँटचं कोण ऐकतो.

जागा मात्र खरंच देखणी. खाली टेनेसी नदी असं वळण घेते की मधली जमीन बुटासारखी दिसते, मोकासिन म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा मऊ चामड्याचा जोडा, त्यावरून मोकासिन बेंड. लढाई संपते न संपते तोच लिन नावाच्या फोटोवाल्यांनी त्या कड्यावर दुकान टाकलं आणि शिपाई रांगा लावून कड्याच्या टोकावर बसून फोटो काढून घ्यायला लागले, घरी पाठवायला. म्हणजे नानांनी जे १९४८ ला केलं ते शिपाई १८६४ ला करत होते. १८९० मध्ये चिकामॉगा-चॅटनूगा हे अमेरिकेतलं पहिलं राष्ट्रीय रणभूमी-उद्यान झालं, १८९५ ला डोंगरावर दोराने ओढायची रेल्वे आली जिचा चढ एके ठिकाणी ७२.७ टक्के आहे (डब्यात बसल्यावर छातीत धस्स होणार हे नक्की), १९०५ ला किल्ल्याच्या दरवाजासारखं दगडी दार बांधलं, आणि १९१० ला पॉइंट पार्कात ९५ फुटी स्तंभ उभा राहिला ज्याच्या टोकावर दोन्ही बाजूंचे शिपाई हातात हात देऊन उभे आहेत. हा स्तंभ तुमच्या कार्डात का नाही? कारण फोटो काढणारा स्तंभाकडे पाठ करून नदीकडे तोंड करून उभा असणार.

आता कार्ड कधीचं. तुम्ही लिहिलं की हात फिरवला तर कापडासारखं खरबरीत लागतं. याला जमवणारे लोक लिननकार्ड म्हणतात. कापड अजिबात नाही, कागदच, पण त्यावर विणीसारखी नक्षी दाबून उठवलेली असते, त्याने शाई लवकर वाळते आणि रंग भडक वापरता येतात. साधारण १९३० ते १९५० च्या आसपास अमेरिकेत यांचं राज्य होतं. आणि त्यातला सगळ्यात मोठा कारखाना शिकागोचा, कर्ट टाइख नावाच्या जर्मनीहून आलेल्या माणसाने १८९८ मध्ये काढलेला. कार्डाच्या मागे मधल्या रेघेत 'सी. टी. आर्ट-कलरटोन' असं काही छापलं आहे का बघा, असणार, कारण ७ए-एच हा त्यांचाच कोड आहे. त्यांची पद्धत अशी, अक्षर म्हणजे दशक आणि आधीचा आकडा म्हणजे त्या दशकातलं साल. ए म्हणजे तिसाचं दशक, बी चाळिसाचं, सी पन्नासाचं. म्हणून ७ए म्हणजे १९३७. एच हे छपाईच्या पद्धतीचं अक्षर, पुढचे आकडे ऑर्डरचे.

म्हणजे चित्र १९३७ चं आणि शिक्का १९४८ चा, अकरा वर्षांचा फरक. घाबरू नका, यात घोटाळा काही नाही. डोंगर काही बदलत नाही, दुकानदार एकदा गठ्ठा मागवतो आणि संपेपर्यंत विकतो. आपल्याकडे तीर्थाच्या ठिकाणी मिळणारे फोटो बघा, देवळाचा कळस बदलला तरी फोटोत जुनाच. कार्डावरून सांगायचं तर 'या सालानंतरचं' इतकंच, 'याच सालचं' नाही. नेमकी तारीख पाहिजे तर शिक्का वाचायचा.

चित्र की फोटो, याचं उत्तर दोन्ही. मूळ फोटो काळा-पांढरा. कंपनीचा माणूस जागेवर जाऊन फोटो काढायचा किंवा मिळवायचा आणि सोबत चिठ्ठी, झाडं हिरवी करा, छप्पर लाल करा. मग शिकागोत टेबलावर बसलेले कारागीर, ज्यांनी तो डोंगर जन्मात पाहिला नसेल, ते तारा-खांब पुसायचे, आकाश नवं बनवायचे, ढग हवे तिथे ठेवायचे. तुमच्या फोटोतला कोपरा मी मोठा करून बघितला, घड्याळवाल्याच्या भिंगातून बघितल्यासारखा, तर ते गुलाबी आकाश म्हणजे नुसते निळे, पिवळे, लाल ठिपके. तोफेच्या चाकाखाली सावली डावीकडे पडली आहे आणि कड्यावरच्या झाडाची उजवीकडे! तर ते नारिंगी आकाश टेनेसीचं नाही हो, शिकागोच्या टेबलावरचं आहे. मला विचाराल तर मला ते आवडतं. आपल्या कॅलेंडरवरचे देवही असेच, दोन्हीकडून उजेड.

या कंपनीच्या कामाचा मोठा साठा आता शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीत आहे. कधी कुणी नातवंड तिकडे असेल तर तुमच्या कार्डाचा नंबर देऊन ठेवा, मूळ फोटोची फाइल निघाली तर बघायला मिळेल आकाश आधी कसं होतं.

किंमत. खरं सांगू का, फारशी नाही. ही कार्डं ढिगाने छापली गेली, टूरिस्टची जागा, प्रत्येक दुकानात स्टँडवर. तिकडे साधं लिननकार्ड दोन-चार डॉलरला सहज मिळतं, म्हणजे इकडच्या हिशोबाने घरातल्या सगळ्यांची सेव-उसळ निघेल आणि वर पावाचे सुटे पैसे. ओएलएक्सवर कुणी पन्नास हजार मागितलेले बघून हुरळून जाऊ नका, मागायला काय जातं. पण ताई, विकणार कुणाला? घेणाऱ्याला डोंगर पाहिजे, त्याला 'ती. दादांस' ने काय फरक पडतो. उलट लिहिलेलं आहे म्हणून तो दोन पैसे कमीच देईल.

तुम्हाला मात्र ते लिहिलेलंच लाखमोलाचं. डिसेंबर १९४८ म्हणजे बडोदा अजून वेगळं संस्थान होतं, मुंबई राज्यात विलीन झालं १ मे १९४९ ला, म्हणजे पत्त्यात नुसतं 'बडोदा, इंडिया' लिहिलंय ते त्या अगदी शेवटच्या महिन्यांतलं. आणि बडोद्याला अमेरिका तोवर काही परकी राहिली नव्हती. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणून गावोगाव लायब्रऱ्या काढायला लावल्या, बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर. नाना त्या वाटेने गेलेले, पस्तीसेक वर्षांनी का होईना. आणि गेल्यावर त्यांना काय आठवलं, पावागड. दोन्हीकडे उंच डोंगर, खाली पसरलेला मुलूख, पावसाळ्यात किंवा धुक्यात ढग खाली. दोन्हीकडे वेढे पडलेले. पावागडाला महमूद बेगड्याचा वेढा, गड १४८४ मध्ये पडला, पुढे शिंद्यांचाही ताबा होता. नानांनी हे सगळं मनात आणलं असेल असं मी म्हणत नाही, थंडीने हात आखडलेले असताना माणूस फार विचार करत नाही. पण त्या चार शब्दांत जे आहे ते छापलेल्या दोन ओळींत नाही.

ठेवायचं कसं ते आता पटकन. लॅमिनेशन करू नका, करू नका, करू नका. मी हा गाढवपणा स्वतः केलेला आहे, आमच्या अण्णांचं नाशिकहून आलेलं एक कार्ड मी कॉलेजात असताना मोठ्या हौसेने दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणलं, मशीनच्या उष्णतेने आत बुडबुडे धरले आणि पाच-सहा वर्षांत ते प्लास्टिक पिवळं पडलं, आता ते काढता येत नाही आणि बघवत नाही, अण्णांनी शेवटपर्यंत काही म्हटलं नाही हे आणखी वाईट. सेलोटेप नको, फेव्हिकॉल नको, आणि ते चिकट पानांचे जुने फोटो-अल्बम येतात ते तर मुळीच नको. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टरची पारदर्शक पिशवी घ्या, वास येणारं मऊ पीव्हीसी नको, आत एक ॲसिड-फ्री पुठ्ठा, आणि कपाटात आडवं. माळ्यावर परत नाही, तिथे उन्हाळ्यात भट्टी आणि पावसात ओल, आणि कसर लागली की कागद चाळणी होतो. डांबराच्या गोळ्या कार्डाला लावून ठेवायच्या नाहीत. दोन्ही बाजू ६०० डीपीआयला स्कॅन करून सगळ्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाका, भिंतीवर लावायचं तर त्या स्कॅनची प्रिंट लावा, ऊन खाऊ दे तिला.

मोडीची ओळ माझ्याही आवाक्यातली नव्हती, नुसता 'स' ओळखला आणि तोही बहुधा चुकीचा. फोटो एका जुन्या स्नेह्यांकडे पाठवलाय ज्यांची उमर बडोदा राज्याचे मोडी कागद वाचण्यात गेली. अंक छापायला जायच्या आत उत्तर आलं तर शेवटी देतो.

प्रश्न : माझ्याकडे लक्ष्मीविलास पॅलेसचं एक काळं-पांढरं कार्ड आहे, चकचकीत. एक जण म्हणतो हा ओरिजिनल फोटो आहे, दुसरा म्हणतो छापील. कसं कळणार? (एक वाचक, मकरपुरा)

उत्तर : भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं, घड्याळवाल्याकडे किंवा स्टेशनरीवाल्याकडे मिळेल. पॅलेसच्या घुमटाची कड बघा. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर छापील, सलग काळं-करडं दिसलं तर फोटो-कागदावर उतरवलेला खरा फोटो. खऱ्या फोटोत बऱ्याच वर्षांनी अंधाऱ्या भागात चंदेरी झाक येते, तिरपं धरून बघा. मागे तिकिटाच्या चौकोनात फोटो-कागदाच्या कंपनीचं नाव असतं कधीकधी, जसं ॲझो, आणि त्याच्या कोपऱ्यांतले त्रिकोण की चौकोन यावरून अंदाजे काळ लागतो, चारही त्रिकोण वर तोंड करून असतील तर साधारण १९०४ ते १९१८. आणखी एक, कार्डाच्या मागच्या बाजूला मधे उभी रेघ नसेल, सगळी बाजू फक्त पत्त्यासाठी असेल, तर ते विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं. इंग्लंडने मागची बाजू १९०२ मध्ये विभागली, अमेरिकेने १९०७ मध्ये, त्याआधी मजकूर चित्राच्याच कडेला कसाबसा कोंबायचे. आणि हो, पॅलेस १८९० चा, त्यामुळे 'हे कार्ड अठराशे ऐंशीचं आहे' असं सांगून कुणी विकत असेल तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

प्रश्न : तुमच्या मागच्या अंकात कार्डांचं वाचून मुलीने विचारलं की पानिपतचं असं जुनं चित्र-कार्ड का दिसत नाही? इंग्रजांच्या लढायांचीच का दिसतात? मला उत्तर देता आलं नाही. (एक वाचक, कारेलीबाग)

उत्तर : मुलगी हुशार आहे, जपा. उत्तर साधं आहे, कार्ड छापतो तो विकत घेणाऱ्याच्या आवडीचं छापतो. भारतात १९०० च्या पुढे चित्र-कार्डांचं पेव फुटलं तेव्हा ती घरी पाठवणारे बरेचसे गोरे, सैन्यातले, रेल्वेतले, फिरायला आलेले. त्यांना १८५७ पाहिजे होतं, पण त्यांच्या बाजूचं. म्हणून लखनौची रेसिडेन्सी, कानपूरचं स्मारक, दिल्लीचा काश्मिरी दरवाजा, ही कार्डं आजही जुन्या बाजारात सापडतात.

आणि दिल्लीची रिज. ती म्हणजे वरच्या पहिल्या कार्डातल्या लुकआउट माउंटनची इकडची बहीणच म्हणा, उंचीने फारच ठेंगणी, पण काम तेच. जून ते सप्टेंबर १८५७ इंग्रजांची फौज त्या टेकाडावर बसून खाली शहराकडे बघत होती आणि तोफा डागत होती. पुढे १८६३ मध्ये तिथे त्यांनी आपल्या मेलेल्या लोकांचं लाल दगडी स्मारक उभं केलं. बघा, त्याच सालच्या नोव्हेंबरात तिकडे हूकर डोंगर चढत होता. त्या स्मारकाची कितीतरी कार्डं निघाली. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, १९७२ मध्ये, त्याचं नाव अजितगड झालं आणि नवा फलक लागला की मूळ शिलालेखात ज्यांना शत्रू म्हटलंय ते आपले लढवय्ये होते. दगड तोच, वाचणारे बदलले. जुन्या कार्डावर मात्र जुनंच नाव, ते खोडायचं नाही, मुलीला सांगा.

पानिपतला काय दाखवणार? १४ जानेवारी १७६१ ची लढाई सपाट मैदानातली, वर चढून खाली बघायला डोंगर नाही, कडा नाही, नदीचं वळण नाही. काला आंब म्हणून जागा आहे, स्मारकाचा खांब आहे, बास. फोटोवाल्याला त्यात काय मिळणार? आणि ज्यांच्या घरातली माणसं तिथे गेली त्यांनी कधी पानिपतचं कार्ड मागितलंच नाही, आपल्याकडे पानिपत बोलण्यात राहिलं, 'विश्वास गेला' म्हणण्यात राहिलं, अजूनही क्रिकेटची मॅच हरलो की पानिपत झालं म्हणतो. त्याला कार्ड कशाला हवं. मुलगी चित्र काढत असेल तर तिलाच काढायला सांगा आणि मला पाठवा, आकाश कसल्या रंगाचं करते ते बघायचंय.

जाता जाता : मोडीचं उत्तर आलं, अंक प्रेसला जायच्या आदल्या रात्री साडेदहाला. स्नेही म्हणतात अक्षर घाईचं आहे, शिरोरेघ एका दमात ओढलेली, आणि ओळ अशी, 'मध्यंतरी ताप येऊन गेला, आता बरा. आईस सांगणे नाही.'

मी म्हटलं उघड्या कार्डावर लिहायचं आणि वर सांगू नका म्हणायचं, हा काय प्रकार? तर ते हसले. म्हणाले अहो, तेव्हाच्या घरात बायका बालबोध, म्हणजे आपली नेहमीची देवनागरी, वाचायच्या, पोथी, व्रताच्या कहाण्या, सगळं बालबोधात. मोडी कचेरीतल्या पुरुषांची. कार्ड घरात आलं की सगळ्यांच्या हातातून फिरणार, आई स्वतः चष्मा लावून वाचणार, ढग वाचेल, पावागड वाचेल, थंडी फार वाचून दोन दिवस काळजी करेल, आणि खालच्या ओळीशी येऊन थांबेल. मग विचारणार दादांना, हे काय लिहिलंय रे. दादांनी काय सांगितलं असेल?

ताई, ह्यांना एक विचारा. दादांनी उत्तर पाठवलं असणारच, तापाची चौकशी केली असणार, आणि ते पत्र अमेरिकेत नानांकडे गेलं. नाना परत आले तेव्हा त्यांची स्वतःची एक ट्रंक असेल. ती कुणाकडे गेली?